उष्णता डोकी मोजते

ओतकामाच्या कारखान्यात त्यांना सगळे वस्ताद म्हणत. वितळलेल्या धातूकडे एक नजर टाकायची आणि सांगायचं, अजून कच्चं आहे, आता ओता, किंवा झालं, करपवलंत. हे काम त्यांचं. भट्टीवर तापमानाचा काटा होता, तोही इमानदार होता, पण काट्याने होकार दिला आणि वस्तादांनी मान हलवली की मगच वितळलेल्या धातूची मूस उचलली जाई. पितळ कुठल्या पिवळ्यावर यायला हवं, तांब्यावरची ज्योत हिरवट झाली की काय समजायचं, हे सगळं त्यांच्या डोळ्यांत साठलेलं होतं. ॲल्युमिनियम तेवढं त्यांच्या मते लबाड. वितळून पाण्यासारखं पातळ होतं तरी रंगावरून काही कळू देत नाही, आणि तापायला लागतो निम्मा दिवस. "आळशी धातू," ते म्हणत, "याला उठवायला फार जाळावं लागतं."

रंग नीट दिसावा म्हणून ते काळा चष्मा कपाळावर सरकवत. जुनी खोड होती. बायको बोले, मुकादम बोले, ते "हो हो" म्हणत आणि पुन्हा सरकवत.

एक दिवस पितळ ओतताना साच्याच्या वाळूत कुठेतरी ओल राहिली होती. ओलीवर वितळलेला धातू पडला की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती मिळेल त्या वाटेने बाहेर पडते. त्या दिवशी ती पितळ घेऊन वर उसळली. इतरांच्या अंगावर कामाचे जाड कपडे होते, ते थोडक्यात वाचले. वस्तादांचे दोन्ही डोळे गेले.

साचा भरला होता त्यांच्या सगळ्यात जवळच्या मित्राने. दोघे एकाच वर्षी कारखान्यात लागलेले, एकाच डब्यात जेवणारे. त्याला सगळे साचेवाला म्हणत. इस्पितळात तो एकदा आला, दारातूनच परत गेला, आणि नंतर कधी फिरकला नाही.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बायकोचं शिवणयंत्र, मागच्या खोलीत खिडकीशी वस्तादांची खुर्ची. ज्या माणसाने आयुष्यभर आगीशी दोन हात केले तो आता चहाच्या कपाला भिऊ लागला. चमचा जागेवर नसला की घर डोक्यावर घ्यायचे, आणि मग दोन दोन दिवस तोंडातून शब्द नाही. भेटायला येणारे लोक "बघा ना वस्ताद..." असं सुरू करून जीभ चावत. तेव्हा यंत्राचं चाक थांबवून बायको आतून म्हणे, "बोला, बोला. डोळे गेलेत त्यांचे, कान शाबूत आहेत." लोक ओशाळत. वस्तादांना मात्र मनातून बरं वाटे, कारण साऱ्या घरात तीच एक अशी होती जी त्यांच्याशी पूर्वीसारखी भांडत होती.

लेक शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागली होती. एका रविवारी सकाळी ती शाळेतून आणलेली लाकडी पेटी घेऊन मागच्या खोलीत आली. आठवडाभरात वर्गात उष्णतेचा धडा घ्यायचा होता आणि तिला एकदा हात बसवून घ्यायचा होता. पेटीत चार धातूंचे चार ठोकळे होते, सगळे एकाच वजनाचे. तिने ते एकेक करून वडिलांच्या तळहातावर ठेवले.

वस्तादांचा चेहराच बदलला. लोखंड त्यांनी वासावरून सांगितलं. तांबं नखाने वाजवून. शिसं तर हातात पडताच, कारण ते सगळ्यांत लहान असून तळहात खाली ओढत होतं, आणि नख लावलं तर ओरखडा उठत होता. ॲल्युमिनियमचा ठोकळा त्या मानाने चांगलाच फुगीर. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "हा आळशी इथेही आलाच का."

लेकीने विचारलं की हे चारही उकळत्या पाण्यात ठेवून सारखेच तापवले, तर सगळ्यांत जास्त उष्णता कोणाच्या पोटात असेल? वस्तादांनी विचारसुद्धा केला नाही. शिसं. वस्तू जड, तर तिच्यात ऐवज जास्त. मग लोखंड, तांबं, आणि शेवटी हे फुगलेलं पोकळ सोंग.

लेक म्हणाली, बघूया. तिने तापमापी काढली, भांडं काढलं. गरम ठोकळा थंड पाण्यात टाकायचा आणि पाणी किती अंशांनी तापलं ते वाचायचं, अशी शाळेतली रीत. वस्ताद थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग त्यांचा आवाज कडवट झाला.

"आकडे तू वाचणार. मी काय करू? टाळ्या वाजवू?"

लेकीने सगळं पुन्हा पेटीत भरलं. तिला वाईट वाटलं, आणि रागही आला, आणि त्या रागातच ती आठवडाभर शोधत राहिली की हेच मोजमाप डोळ्यांवाचून करता येईल का. तिला एक फार जुनी पद्धत सापडली. तापमापी नीट बनत नव्हत्या त्या काळातली. त्या पद्धतीत वाचायचं काहीच नव्हतं. पाणी उकळलं की ते दर वेळी तेवढंच गरम असतं. बर्फ वितळू लागला की तोही दर वेळी तेवढाच थंड. ही दोन टोकं निसर्गानेच ठोकून ठेवलेली, मग मधलं मोजायला काच आणि पारा कशाला? उकळत्या पाण्यातला ठोकळा बर्फाच्या खळग्यात ठेवायचा, वरून बर्फाचंच झाकण घालायचं आणि ठोकळा पुरता गार होऊ द्यायचा. त्याच्या पोटातली सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते. जितकं पाणी झालं, तितकी उष्णता.

पुढच्या रविवारी तिने बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली. बायकोने शिवणाचं टेबल मोकळं करून दिलं, कुरकुर करत, पण दिलं. छिन्नीने खळगे वस्तादांनीच पाडले. हातात छिन्नी आल्यावर ते कुणाला हात लावू देईनात. लेकीने एकच अट घातली, बर्फाला घाम फुटेपर्यंत थांबायचं. फार गारठलेला बर्फ आधी स्वतःच उष्णता गिळतो आणि हिशोब बिघडवतो. मग खळगे फडक्याने कोरडे करून ठोकळे चिमट्याने आत सोडले. प्रत्येक वेळी चर्र असा बारीक आवाज आला. झाकणं ठेवून वर जुनी घोंगडी टाकली.

गार झाल्यावर प्रत्येक खळग्यातलं पाणी एकेका पेल्यात ओतलं आणि चार सारखे पेले ओळीने वडिलांपुढे ठेवले. वस्तादांनी पहिल्या पेल्यात बोट घातलं. पाणी इतकं कमी की बोटाचं टोक जेमतेम भिजलं. शेवटच्या पेल्यात बोट घालायला गेले तर पाणी काठाशीच लागलं.

"हे शिसं," शेवटच्या पेल्यावर हात ठेवून ते म्हणाले.

"नाही बाबा. ते ॲल्युमिनियम. शिसं तो पहिला."

त्यांचा विश्वास बसला नाही. पेले अदलाबदल झाले असतील, शिशाच्या खळग्याला चीर गेली असेल, लेकीने नुसतं पाणी सांडलं असेल. सगळं पुन्हा करायला लावलं, आणि या वेळी ठोकळे स्वतः ओळखून, चिमटा धरलेल्या लेकीच्या हातावर हात ठेवून, स्वतः सोडले. झाकणावर तळहात टेकवून बसून राहिले. पुन्हा तेच. शिशाचं पाणी घोटभर. लोखंड आणि तांबं त्याच्या तिप्पटचौपट, लोखंडाचं थोडं जास्त. आणि ॲल्युमिनियमचं शिशाच्या सातपट.

लेकीने सांगितलं की याला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. एक ग्रॅम पदार्थ एका अंशाने तापवायला किती उष्णता लागते ती. प्रत्येक धातूची वेगळी. वस्तादांनी ॲल्युमिनियमचा ठोकळा पुन्हा हातात घेतला. पळीभर शिसं चुलीवर धरलं की बघता बघता पाणी होतं, आणि ॲल्युमिनियमच्या मुशीखाली कोळसा ओतून ओतून खांदे भरून येतात, हे त्यांनी आयुष्यभर अनुभवलं होतं. त्यावरून एकाला त्यांनी आळशी ठरवलं होतं.

"आळशी नव्हता गं तो," ते शेवटी म्हणाले. "भुकेला होता. दिलेलं सगळं पोटात ठेवत होता."

त्या रात्री ते जेवताना बोलत होते. बायको भाजीत मीठ घालायला विसरली होती, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

पण त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. शिसं असं दरिद्री का? सारखं वजन, सारखी आच, मग हा दुजाभाव कशासाठी? रोज संध्याकाळी लेक घरी आली की तोच विषय. अखेर एकदा तिने अणूंचं सांगितलं. प्रत्येक धातू बारीक बारीक कणांचा, आणि शिशाचा एक कण तांब्याच्या तीन कणांहून जड, ॲल्युमिनियमच्या साडेसात कणांएवढा. म्हणजे सारख्या वजनाच्या ठोकळ्यांत शिशाचे कण फार थोडे, ॲल्युमिनियमचे रग्गड.

"बाबा, उष्णता वजन बघतच नाही," ती म्हणाली. "ती डोकी मोजते. दर डोई वाटा जवळजवळ सारखा."

वस्ताद खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, हे बोलणं झालं, दाखव. लेक म्हणाली, दाखवता येईल, पण त्यासाठी वजनं वेगळी हवीत. चौघांत कणांची संख्या सारखी भरेल असे तुकडे. शिशाचा दोन किलोच्या वर, ॲल्युमिनियमचा पावकिलोच्या जरा पुढे, तांबं आणि लोखंड मधे कुठेतरी. असे तुकडे शाळेत नव्हते, बाजारात मिळणार नव्हते.

"ओतावे लागतील," वस्ताद म्हणाले. आणि आपण काय बोललो हे कळल्यावर खुर्चीत मागे सरकले.

अपघातानंतर त्यांनी कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. विषय निघाला तरी उठून जात. दोन दिवस त्यांनी तो पुन्हा काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, कामाचे जुने बूट मागितले. बायकोने बूट पुसून पुढे ठेवले आणि शिवणयंत्रावर कापड तसंच सोडून लेकीबरोबर तीही निघाली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं.

फाटकातून आत शिरताच उष्ण वारा तोंडावर आला आणि वस्तादांचे पाय थांबले. भट्टीचा घुमणारा आवाज, वाळूचा वास, लोखंडी कांबीचा खणखणाट. बायकोने त्यांचा दंड धरला. ती मोठ्याने म्हणाली, "चला पुढे, वाटेत उभे राहू नका, माणसं कामं करतायत."

जुने सोबती जमले. विचारपूस झाली. साचेवालाही तिथेच होता, मागे, वाळूच्या ढिगाशी. तो पुढे आला नाही. पण सगळ्यांच्या आवाजात एक आवाज नाही हे वस्तादांच्या ध्यानात आल्याशिवाय कसं राहील? त्यांनी त्याचं टोपणनाव घेऊन हाक मारली. गलका थांबला. साचेवाला जवळ आला.

वस्ताद म्हणाले, "शिसं ओतायचंय. साचा तू भर."

"वस्ताद, दुसऱ्या कुणाला..."

"चष्मा माझ्या कपाळावर होता. तो काही तू चढवला नव्हतास. भर साचा."

साचेवाल्याने साचा भरला. वाळू चाळली, पुन्हा चाळली, भाजून कोरडी केली, आणि भरून झाल्यावर वस्तादांचा हात धरून तो साच्याच्या तोंडावर ठेवला, म्हणजे कोरडेपणा त्यांना कळावा. वस्तादांनी बोटं फिरवली आणि नुसती मान हलवली. शिसं ओतलं तेव्हा ते चष्मा घालून, सगळ्यांबरोबर उभे होते. आवाज ऐकत. घट्ट, मऊ, वाहणारा आवाज, आणि मग काही नाही. साचेवाल्याने तेव्हा श्वास सोडला तो त्यांना शेजारी उभ्याने ऐकू आला. मग दोघे मित्र कट्ट्यावर बसले. काय बोलले ते त्यांनाच ठाऊक. बायकोने परत निघायची घाई केली नाही.

ॲल्युमिनियम आणि तांबंही ओतून घेतलं, लोखंडाचा तुकडा सळईतून कापला. घरी वस्ताद आठवडाभर कानस घेऊन बसले. तराजूच्या काट्याला लेकीने कागदाची जीभ लावून दिली होती, ती बोटाला लागली की वजन जमलं. घासायचं, तोलायचं, पुन्हा घासायचं. जमिनीवर धातूचा कीस पडे आणि तो पायाला टोचला की बायको बडबडे. साचेवाला आता रोज संध्याकाळी येऊ लागला होता. तो तिची बाजू घेई.

रविवारी दुपारी चौघं टेबलाभोवती जमली. तुकडे हातात घेतले तर कुणी म्हणणार नाही की यांचा एकमेकांशी काही संबंध आहे. शिशाचा हात खाली ओढणारा, ॲल्युमिनियमचा एका तळहातावर सहज झेलता येणारा. उकळलं पाणी, घामेजला बर्फ, खळगे कोरडे केले. चर्र, चर्र, चर्र, चर्र. घोंगडी टाकली. शिवणयंत्रावर बसायची सवय असलेली बायको नुसती हात चोळत होती.

चार पेले ओळीने आले. लेकीने ते मुद्दामच कुठल्याही क्रमाने ठेवले आणि सांगितलं नाही की कुठला कोणाचा.

वस्तादांनी पहिल्या पेल्यात बोट घातलं. पाणी दुसऱ्या पेराशी आलं. दुसऱ्या पेल्यात घातलं. दुसरं पेर. तिसऱ्यात घातलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. मग अगदी सावकाश, जणू पाणी बिथरेल, त्यांनी चौथ्यात घातलं. त्यात पाणी किंचित वर होतं, नखाच्या जाडीएवढं, बस. ते शिसं होतं.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग साचेवाल्याचं बोट धरून त्याला फिरवलं. मग बायकोचं. तिने चारही पेल्यांत बोट बुडवून पदराला पुसलं आणि हळूच म्हणाली, "सगळ्यांना सारखंच."

वस्तादांच्या अंगावर काटा आला होता. लेकीला तो त्यांच्या दंडावर दिसत होता. त्यांनी आयुष्यभर हे चारही धातू तापवले होते, वितळवले होते, शिव्या दिल्या होत्या. कुणी उठायला जड, कुणी लगेच पाघळणारं, कुणी रंग दाखवणारं, कुणी लपवणारं. एकाचं दुसऱ्याशी जमत नाही असंच ते समजत आले. आणि आत, जिथे डोळसांचीही नजर पोचत नाही, तिथे प्रत्येक कणाला, जडाला आणि हलक्याला, एकाच मापाने मिळत होतं.

"हे कुणी ठरवलं?" त्यांनी विचारलं.

लेकीला उत्तर देता आलं असतं. कण कसे थरथरतात, थरथरण्याच्या वाटा किती, ते सगळं तिने वाचलं होतं. हा नियम कुठे कुठे मोडतो तेही. पण तिला त्या क्षणी ते सांगावंसं वाटलं नाही.

"कुणीच नाही. असंच आहे."

"असंच आहे," वस्ताद म्हणाले, आणि बोट पाण्यात तसंच ठेवून बसून राहिले. बोट बधिर झालं असेल, तरी काढलं नाही.

लेकीने ही गोष्ट शाळेत सांगितली, तिथून ती अंध मुलांच्या शाळेतल्या मोठ्या बाईंच्या कानावर गेली. त्यांच्याकडे विज्ञानाचे प्रयोग नुसते वाचून दाखवले जात. मुलं निष्कर्ष पाठ करत. बाई घरी आल्या आणि वस्तादांना येऊन हा प्रयोग घ्याल का म्हणून विचारलं. वस्ताद म्हणाले, मी काय मास्तर आहे? बाई म्हणाल्या, मास्तर आहेत आमच्याकडे, ओतारी नाही.

ते गेले. पहिल्या दिवशी बोलताना अडखळले. पण मुलांच्या हातात ठोकळे दिले, वास घ्या म्हणाले, नख लावा म्हणाले, आणि मग त्यांची गाडी रुळावर आली. तापलेला ठोकळा चिमट्यातून सोडायचा तेव्हा प्रत्येक मुलाच्या डोळ्यांवर चष्मा आहे की नाही हे ते स्वतः चाचपून बघत. एक मुलगा म्हणाला, आम्हाला कशाला चष्मा? वस्तादांनी त्याला पुढच्या बाकावर बसवलं आणि तरीही घालायला लावला. आता दर गुरुवारी ते तिथे जातात. साचेवाला इतर शाळांसाठी तुकड्यांचे संच ओततो, कानस वस्तादांची.

एका गुरुवारी वर्गातल्या एका मुलीने विचारलं, की धातूंचं झालं, पण पाण्याचं काय? ज्या पाण्यात आपण हे तापवतो त्याच्या स्वतःच्या पोटात किती? वस्तादांना हे कधी सुचलं नव्हतं. लेक सोबत होती, ती म्हणाली, मोजून बघा. पातळ पत्र्याच्या झाकणाच्या डबीत ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याच्या वजनाइतकं उकळतं पाणी घेतलं आणि डबी खळग्यात ठेवली. चर्र झालं नाही, नुसती हलकी कुजबुज. मुलं वाट बघत टेबलाला टेकून उभी राहिली. थोड्या वेळाने कुणाची तरी बाही भिजली, मग दुसऱ्याची. खळगा भरून झाकणाखालून पाणी वाहू लागलं होतं. मग खळग्याचा तळच फुटला आणि पाणी टेबलभर पसरलं. लेकीने हिशोब सांगितला, ॲल्युमिनियमच्या, त्या भुकेल्याच्या, जवळजवळ पाचपट. सगळ्यांचे हात त्या बर्फगार पाण्यात होते.

वस्ताद कोपरापर्यंत भिजून घरी आले. बायकोने टॉवेल दिला, काय झालं विचारलं, आणि ते सांगत सुटले. तिने यंत्र थांबवून सगळं ऐकलं.

"माणसाच्या अंगात बहुतेक पाणीच असतं ना?" तिने लेकीला विचारलं.

"बहुतेक," लेक म्हणाली.

वस्तादांनी टॉवेल खाली ठेवला. चाचपत बायकोचं मनगट शोधलं आणि ते ऊबदार मनगट हातात धरून तिच्या शेजारी बसून राहिले.